रक्तस्थापनाचे चार उपाय

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील चवदावा अध्याय 'शोणितवर्णनीय' या नांवाचा आहे. त्यांत वाहतें रक्त थांबविण्याचे चार उपाय सांगितले आहेत : संधान, स्कंदन, पाचन आणि दहन. अलीकडे या प्रकरणाचा उल्लेख वारंवार होऊं लागला आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत रणांगणावरील जखमांसाठीं ज्या नव्या रक्तरोधक पट्ट्या निघाल्या, त्यांत चिकणमाती, कोळंबी-खेंकड्यांच्या कवचांपासून काढलेलें द्रव्य अशा वस्तु वापरल्या जातात. आणि सुश्रुताच्या यादींतही गेरू, शंख, शुक्ति, समुद्रफेन हीं नांवें आढळतात. एवढ्यावरून 'हें सारें आमच्या ग्रंथांत पूर्वींच होतें' असें व्याख्यानांतून व छापील मजकुरांतून सांगण्यांत येतें. उलटपक्षीं, जुन्या वैद्यकांत राख आणि माती यांखेरीज दुसरें काय आहे, असें म्हणून सगळें प्रकरण बाजूस सारणारेही आहेत. आमच्या मतें दोन्ही पक्षांनीं मूळ प्रकरण नीट वाचलेलें नाहीं. दोघेही द्रव्यांची यादी वाचतात आणि यादीपुढचें क्रियापद सोडून देतात. त्या क्रियापदांत या प्रकरणाचें मर्म आहे, हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम ग्रंथाच्या साधनांविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. संहितेची पहिली छापील आवृत्ति मधुसूदन गुप्त यांनीं कलकत्त्यास १८३५-३६ सालीं काढली. आपल्याकडे मुख्यत्वें वापरांत आली ती यादवजी त्रिकमजी आचार्य यांनीं शोधून मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यांतून प्रसिद्ध केलेली डल्हणाच्या निबंधसंग्रह टीकेसह आवृत्ति. तिची १९३८ ची सुधारलेली आवृत्ति आजही अभ्यासकांच्या हातांत असते. परंतु या छापील पाठाच्या मागें जाणारीं साधनें उपलब्ध आहेत. काठमांडूच्या कैसर ग्रंथालयांत संहितेची एक ताडपत्री पोथी असून तिच्यावर मानदेव संवत् ३०१, म्हणजे इसवी सन ८७८, हा काल आहे. २०१३ सालीं युनेस्कोनें तिची नोंद आपल्या जागतिक स्मृति-नोंदवहींत केली. डल्हण बाराव्या शतकांतला. म्हणजे ही पोथी टीकाकारापेक्षां सुमारें तीनशें वर्षांनीं जुनी. तिचा पाठ निर्णयसागर पाठाहून पुष्कळ ठिकाणीं वेगळा आहे. कर्णनासासंधानाच्या अध्यायाचा नेपाळी पाठ २०२३ सालीं हायडेलबर्ग येथून स्वतंत्रपणें प्रसिद्ध झाला. छापील पुस्तक म्हणजेच सुश्रुत, असें समजून वाद घालण्याचे दिवस यामुळें संपले आहेत. खालीं आम्ही जें सांगतों तें निर्णयसागर पाठावरून सांगतों, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

आतां मूळ प्रकरणाकडे वळूं. पहिली गोष्ट संदर्भाची. चवदाव्या अध्यायांतील हा विधि तलवारीच्या घावासाठीं म्हणून सांगितलेला नाहीं. वैद्यानें स्वतः रक्तमोक्षण केलें, आणि तें आवरेनासें झालें, तर काय करावें, या प्रश्नाचें तें उत्तर आहे. शस्त्राघातानें झालेल्या व्रणांचा विचार चिकित्सास्थानाच्या दुसऱ्या अध्यायांत, सद्योव्रणचिकित्सितांत, निराळा केला आहे. तेथें छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित आणि घृष्ट असे सहा प्रकार सांगून, पहिल्या चारांत रक्त फार जातें व पिच्चित आणि घृष्ट यांत तितकें जात नाहीं, असा भेद केलेला आहे. चिरडलेल्या अंगांतून कापलेल्या अंगाइतकें रक्त वाहत नाहीं, ही गोष्ट जखमा प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसालाच सुचेल. असें असूनही रक्तनिवारणाचे चार उपाय ज्या श्लोकांत मोजले आहेत, त्यांची भाषा सर्वसाधारण आहे. म्हणून त्या उपायांचा विचार रक्तमोक्षणाच्या बाहेरही करण्यास हरकत नाहीं. मात्र मूळचा प्रसंग शीर उघडण्याचा आहे, फुटलेल्या मोठ्या रोहिणीचा नाहीं, हें विसरून चालणार नाहीं.

विधि असा आहे. लोध्र, ज्येष्ठमध, प्रियंगु, पतंग, गेरू, राळ, रसांजन, सांवरीचें फूल, शंख, शुक्ति, उडीद, जव, गहूं यांचें चूर्ण व्रणाच्या तोंडावर हळूहळू भुरभुरावें आणि बोटाच्या अग्रानें दाबावें. किंवा साल, अर्जुन, धव इत्यादि वृक्षांच्या सालींचें चूर्ण घ्यावें. किंवा जाळलेलें क्षौम म्हणजे अळशीच्या धाग्याचें वस्त्र, समुद्रफेन व लाख यांचें चूर्ण घ्यावें. मग व्रणबंधनासाठीं सांगितलेल्या द्रव्यांनीं घट्ट बांधावें. थंड वस्त्र, थंड जागा, थंड लेप आणि सिंचन यांचा उपयोग करावा. एवढ्यानें न भागल्यास क्षारानें किंवा अग्नीनें डागावें. रोग्यास दूध, यूष, मांसरस द्यावा. कांहीं पशूंचें रक्तही प्यावयास सांगितलें आहे. अध्यायाच्या शेवटीं रक्त हें देहाचें मूळ असल्यामुळें तें यत्नानें राखावें, असा उपदेश आहे.

या वर्णनांत तीन कृति क्रमानें येतात : चूर्ण टाकणें, बोटानें दाबणें, घट्ट बांधणें. यादी वाचणारे पहिल्या कृतीवर थांबतात. वास्तविक चूर्णाला ग्रंथकारानें एकटें सोडलेलेंच नाहीं. बांधण्याविषयीं तर सूत्रस्थानाच्या अठराव्या अध्यायांत स्वतंत्र विवेचन आहे. तेथें क्षौम, कापूस, लोकर, रेशीम, चीनपट्ट, कातडें, झाडाची अंतर्साल, वेल, वेळूच्या कांबी, दोरी इत्यादि बंधनद्रव्यें मोजलीं आहेत. कोश, दाम, स्वस्तिक, मंडल, गोफण, पंचांगी आदिकरून चवदा बंध सांगितले आहेत. आणि गाढ, सम व शिथिल अशा बंधाच्या तीन पायऱ्या केल्या आहेत. आवळूनही जो पीडा करीत नाहीं तो गाढ, ज्यांतून वारा खेळतो तो शिथिल, आणि या दोहोंमधला तो सम. कोणत्या अवयवावर कोणता बंध, कोणत्या ऋतूंत किती वेळानें सोडावा, हेंही तेथें आहे. ज्याला औषधाचाच महिमा गावयाचा असता, त्यानें पट्टी बांधण्यावर इतकी अक्षरें खर्च केलीं नसतीं.

आतां चार संज्ञांचा विचार करूं. ग्रंथकारानें प्रत्येक उपायाचें कर्म वेगळें सांगितलें आहे. कषाय, म्हणजे तुरट द्रव्य, व्रणाला सांधतें; थंडी रक्ताला गोठविते; भस्म पाचन करतें; आणि दाह शिरांचा संकोच करतो. येथें कर्मपदाकडे पाहावें. संधानाचें कर्म व्रण आहे, स्कंदनाचें कर्म रक्त आहे, दहनाचें कर्म शीर आहे. म्हणजे रक्त वाहणें थांबवावयाचें तर व्रणाचें तोंड, वाहणारा द्रव आणि वाहून नेणारी नलिका या तिन्ही ठिकाणीं उपाय करतां येतो, असें पृथक्करण या श्लोकांच्या पाठीशीं आहे. 'स्कंदन' हा शब्दही लक्षांत घेण्याजोगा आहे. स्कंद् धातूचा नेहमींचा अर्थ उडी मारणें, गळणें, सांडणें असा. वैद्यकांत मात्र त्याच धातूपासून झालेला शब्द गोठण्यास लावला आहे. मराठींत आपण यास रक्त साकळणें म्हणतों. आजच्या हिंदी परिभाषेंत रक्ताच्या गोठण्याला स्कंदन हाच शब्द योजतात. सुश्रुताचा शब्द असा पुन्हा कामास लागला आहे.

उपायांचा क्रमही सांगितला आहे. रक्त गोठत नसेल तर संधान करावें. संधान निष्फळ होत असेल तर पाचन करावें. या तिहींनीं वैद्यानें यथाविधि प्रयत्न करावा. आणि तिन्ही फसले तर दाह हा शेवटला उपाय. सौम्यापासून तीव्राकडे जाणारी ही चढण आहे. दाह सर्वांत खात्रीचा असूनही तो सर्वांत शेवटीं ठेवला आहे. कारण तो रक्ताबरोबर मांसही जाळतो.

हा क्रम एकट्या हिंदुस्थानचा नव्हे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील रोमन ग्रंथकार सेल्सस यानेंही अशीच पायरी घातली आहे. जखम कोरड्या कापसानें भरावी, थंड पाण्यांत बुडवून पिळलेला स्पंज वर ठेवावा आणि हातानें दाबावें. थांबलें नाहीं तर कापूस बदलून सिरक्यांत भिजवलेला घ्यावा. तरीही न थांबल्यास वाहणाऱ्या शिरा दोन ठिकाणीं बांधून मध्यें कापाव्या. आणि अगदीं शेवटीं तापलेल्या लोखंडानें डागावें. सेल्ससच्या पायऱ्यांत आणि सुश्रुताच्या पायऱ्यांत एक मोठा भेद आहे, तो स्पष्टपणें सांगितला पाहिजे. फुटलेली शीर दोऱ्यानें बांधणें हा उपाय सुश्रुताच्या चौकडींत नाहीं. रक्तमोक्षणापूर्वीं शीर उठावी म्हणून अवयवाला पट्टा बांधणें संहितेंत आहे. विषबाधेंत दंशाच्या वर बांधावयाची अरिष्टा आहे. परंतु वाहत्या शिरेचें मुख धरून तें बांधणें या चारांत आलेलें नाहीं. युरोपांतही हा उपाय मागें पडला होता. सोळाव्या शतकांत आंब्रवाझ पारे यानें अवयवच्छेदाच्या वेळीं त्याचें पुनरुज्जीवन केलें. ज्यांना सर्व कांहीं सुश्रुतांत सांपडतें, त्यांनीं ही उणीवही सुश्रुतांतच वाचावी.

सुश्रुतानंतर वाग्भटाकडे येऊं. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानांतील सत्ताविसाव्या अध्यायांत, शिराव्यधाच्या प्रकरणींच, तीच क्रिया संक्षेपानें आली आहे. लोध्र, प्रियंगु, पतंग, उडीद, ज्येष्ठमध, गेरू यांच्या जोडीस वाग्भट मृत्कपाल म्हणजे भाजलेल्या मातीचें खापर, अंजन, क्षीरी वृक्षांच्या साली व अंकुर, आणि क्षौमाची मषी हीं द्रव्यें देतो. मषी हा शब्द पोथ्यांच्या संग्राहकांस परका नाहीं. काजळीपासून केलेल्या ज्या शाईनें आपल्या पोथ्या लिहिल्या, तीही मषीच. सुश्रुताचें जाळलेलें वस्त्र आणि वाग्भटाची वस्त्राची मषी हीं एकाच परंपरेचीं दोन नांवें आहेत, यावरून हा पाठ स्थिर असल्याचें दिसतें. या ग्रंथाशीं महाराष्ट्राचा संबंध जवळचा आहे. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि यानें तेराव्या शतकांत त्यावर आयुर्वेदरसायन ही टीका लिहिली. आणि अण्णा मोरेश्वर कुंटे यांनीं १८८० सालीं तो मुंबईस प्रथम छापविला. अरुणदत्त व हेमाद्रि या दोघांच्या टीकांसह निर्णयसागर आवृत्ति १९३९ सालीं निघाली. आपल्या प्रांतांतील वैद्यांच्या घरीं वाग्भटाच्या पोथ्या कां विपुल सांपडतात, याचें कारण यावरून कळेल.

परंतु ग्रंथांत आहे तें व्यवहारांत होतें काय, हा इतिहासकाराचा खरा प्रश्न. या बाबतींत पुण्यानजीकचा एक लेखी पुरावा आहे. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकांत कावसजी नांवाच्या मराठा गाडीवानाची हकीकत आली आहे. हा इंग्रजी फौजेबरोबर होता. १७९२ च्या युद्धांत टिपूच्या हातीं सांपडून त्याचें नाक व एक हात कापला गेला. पुढें पुण्याजवळच्या एका वीटकाम करणाऱ्या जातीच्या मनुष्यानें कपाळाच्या कातड्यापासून त्याला नवें नाक करून दिलें. मुंबई इलाख्याच्या दोन डॉक्टरांनीं ही क्रिया प्रत्यक्ष पाहिल्याचें तेथें नमूद आहे. ही हकीकत नाकासाठीं प्रसिद्ध आहे. आम्हांस येथें तींतील पट्टीशीं कर्तव्य आहे. कातडें जागेवर बसविल्यावर त्या कारागिरानें काथ पाण्यांत मऊ करून कापडाच्या पट्ट्यांवर लेपला, अशा पांच-सहा पट्ट्या एकावर एक ठेविल्या, आणि चार दिवस दुसरें कांहीं लाविलें नाहीं. त्यानंतर तुपांत भिजविलेलीं कापडें ठेविलीं. इंग्रजी लेखकानें काथाला 'जपानी माती' या अर्थाचें त्या काळचें औषधी नांव दिलें आहे. तें नांव चुकीचें आहे. काथ मातीचा नसून खैराच्या लांकडाचा अर्क आहे आणि तो अत्यंत तुरट असतो.

आतां सुश्रुताचें नासासंधान पाहावें. सूत्रस्थानाच्या सोळाव्या अध्यायांत नव्या नाकावर पतंग, ज्येष्ठमध आणि अंजन यांचें चूर्ण टाकून, पांढऱ्या कापसानें झांकून, वर तिळाचें तेल शिंपावें असें सांगितलें आहे. हीं तिन्ही द्रव्यें रक्तस्तंभनाच्या परंपरेंतलींच होत. पुण्याच्या कारागिरानें यांतलें एकही वापरलेलें दिसत नाहीं. त्यानें खैर वापरला. तरीही तुरट द्रव्य, त्यावर कापड, मग स्नेह, ही रचना तीच आहे. यावरून आमचें अनुमान असें कीं, परंपरा जी टिकली ती नांवांची यादी म्हणून टिकली नाहीं. 'तुरट सांधतें' या नियमाच्या रूपानें टिकली. त्या नियमांत बसणारें जें द्रव्य ज्या प्रांतांत सुलभ, तें तेथें वापरांत आलें. अर्थात् हा पुरावा भयंकर रक्तस्रावाचा नाहीं, ताज्या व्रणाच्या संधानाचा आहे. त्याहून अधिक त्याच्याकडून वदवून घेऊं नये.

आतां आजच्या पट्ट्यांकडे. त्यांची निकड कशी उत्पन्न झाली, हें एका छाननीवरून कळतें. अमेरिकी सैन्याच्या २००१ ते २०११ या काळांतील ४,५९६ रणमृत्यूंची तपासणी २०१२ सालीं प्रसिद्ध झाली. त्यांतील सुमारें ८७ टक्के मृत्यु शस्त्रवैद्याच्या हातीं पोंचण्यापूर्वींच घडले होते. अशा मृतांपैकीं ९७६ जण, म्हणजे सुमारें एक-चतुर्थांश, वांचण्याजोगे होते. आणि त्यांतल्या सुमारें ९१ टक्क्यांचा घात रक्तस्रावानें केला. या रक्तस्रावांपैकीं सुमारें १९ टक्के जांघ, काख, मान अशा सांध्यांच्या जागीं होते, जेथें आवळपट्टा बांधतांच येत नाहीं. अशा जागीं जखमेंत भरावयाची पट्टी हाच उपाय उरतो.

या पट्ट्यांचा पूर्वेतिहासही बोधप्रद आहे. १९०९ सालीं बर्गेल यानें रक्तांतील तंतुद्रव्याची, फायब्रिनची, भुकटी रक्त थांबविण्यास वापरली. १९४३ सालीं व्हर्जिनिया फ्रांट्झ यांनीं कापूस आणि गॉज यांवर रासायनिक क्रिया करून शरीरांत विरघळून जाणारें रक्तरोधक कापड सिद्ध केलें. १९४५ सालीं जिलेटिनचा स्पंज आला. २००२ नंतर रणांगणासाठीं तीन जातींचीं द्रव्यें पुढें आलीं. पहिलें झिओलाइट, एक सच्छिद्र खनिज. तें रक्तांतील पाणी शोषून घेतें व उरलेलें रक्त दाट करतें. दुसरें कायटोसान, खेंकडे व कोळंबी यांच्या कवचांतील कायटिनवर क्रिया करून काढलेलें. त्यावर धन विद्युद्भार असतो. रक्तांतील तांबड्या पेशींवर ऋण भार असतो. त्यामुळें पेशी त्याला चिकटून जखमेवर डिंकासारखा थर बसतो. तिसरें केओलिन, म्हणजे आपण जिला चिनी माती म्हणतों ती. तिच्या ऋणभारित पृष्ठाशीं रक्ताचा स्पर्श होतांच रक्तांतील बारावा घटक जागृत होऊन साकळण्याची सांखळी सुरू होते. या घटकाच्या उणीवेचें पहिलें वर्णन रॅटनॉफ व कोलोपी यांनीं १९५५ सालीं केलें. कायटोसान हिंदुस्थानांतही तयार होतें. कोचीच्या मत्स्यतंत्रविषयक संस्थेनें कोळंबीच्या टरफलांपासून तें काढण्याची रीत बसविली, आणि त्याच्या व्रणपट्ट्या या देशांतही बनतात.

यांतील पहिल्या द्रव्याचें पुढें काय झालें तें आमच्या विषयाशीं लागू आहे. झिओलाइटचे दाणे पाणी शोषतांना इतके तापत कीं, रोग्याचें मांस भाजल्याच्या तक्रारी आल्या. संहितेच्या भाषेंत बोलावयाचें तर स्कंदन करावयास गेले आणि दहन झालें. पुढें २००८ सालीं अमेरिकी सैन्याच्या सल्लागार समितीनें केओलिन भरलेल्या गॉजची शिफारस केली. त्याच वेळीं दुसऱ्या क्रमांकावर सुचविलेली एक दाणेदार चिकणमाती पुढच्याच वर्षीं, २००९ सालीं, काढून घ्यावी लागली. कारण प्राण्यांवरील प्रयोगांत तिचे कण शिरांत शिरून तेथें गुठळ्या करूं लागले. दोन्ही मात्या, एक कापडांत बसविलेली, दुसरी सुटी. पहिली टिकली, दुसरी गेली. आणि जी टिकली तिच्याबरोबरची सूचना अशी कीं, पट्टी जखमेच्या तळापर्यंत भरावी आणि वरून निदान ३ मिनिटें सतत दाबून धरावी. दाबल्यावांचून ती पट्टी आपलें काम करूं शकत नाहीं.

येथें आम्ही सुरुवातीच्या मुद्द्यावर येतों. सुश्रुताचा गेरू आणि आजचें केओलिन या दोन्ही मात्या आहेत, म्हणून गेरूला केओलिन म्हणतां येणार नाहीं. गेरू ही लोहभस्मयुक्त माती. तिची तुरट द्रव्यांत गणना झाली ती रसावरून. विद्युद्भाराची कल्पना तेथें नाहीं व असणेंही शक्य नाहीं. समुद्रफेन म्हणजे माकूल जातीच्या प्राण्याच्या पाठीचें हाड. त्यांत चुन्याबरोबर थोडें कायटिन असतें खरें, परंतु ज्या गुणानें कायटोसान पेशींना धरतें तो गुण कायटिनवर क्षाराची क्रिया केल्यावर येतो. नामसादृश्य आणि द्रव्यसादृश्य हीं पुराव्याचीं सर्वांत दुर्बल रूपें होत. न्यायशास्त्रांत ज्याला सव्यभिचार हेतु म्हणतात तोच हा. शंखांत चुना आहे आणि रक्त साकळण्यास चुन्याचा क्षार लागतो, एवढ्यावरून शंखचूर्णानें रक्त साकळतें असें ठरविणें म्हणजे धूर दिसला नसतांना अग्नि सिद्ध करणें होय.

एका बाबतींत तर संहिता आणि आजचें शास्त्र यांचा सरळ विरोध आहे. थंडीनें शिरा आकसतात, म्हणून लहान व्रणावर थंड पाण्याची पट्टी उपयोगी पडते. सुश्रुताचें निरीक्षण तितक्यापुरतें बरोबर आहे. परंतु रक्त साकळण्याची क्रिया उष्णतेवर अवलंबून आहे, आणि पुष्कळ रक्त गेलेल्या मनुष्याचें शरीर थंड पडूं लागलें कीं त्याचें रक्त गोठेनासें होतें. म्हणून आज अशा जखमीला पांघरुणांत गुंडाळून ऊब देतात. थंड जागीं ठेवीत नाहींत. संहितेचा नियम शीर उघडलेल्या रोग्याला सोसला असेल; मांडी फुटलेल्या शिपायाला तो घातक होईल. संदर्भ सोडून वचन उचलण्याचा परिणाम किती गंभीर होतो, याचें हें उदाहरण. त्याचप्रमाणें उघड्या जखमेवर राख, माती किंवा हळद टाकण्याचा उपदेश आज कोणी करूं नये. मातींतून धनुर्वाताचे जंतु जखमेंत जातात. स्वच्छ कापड घेऊन जोरानें दाबून धरावें आणि रोग्यास तात्काळ रुग्णालयांत न्यावें, हेंच इष्ट.

मग या प्रकरणाचें मोल काय? आमच्या मतें तीन गोष्टींत आहे. एक, व्रण, रक्त व शीर या तीन ठिकाणीं उपायांची वांटणी. दोन, सौम्यापासून तीव्राकडे जाणारा क्रम, ज्यांत प्रत्येक पायरी मागची फसल्यावरच चढावयाची. तीन, चूर्णाला बोटाच्या दाबाची आणि गाढ बंधाची अवश्य जोड. या तिन्ही गोष्टी आजही खऱ्या आहेत. दाहाचेंच पाहा : १९२६ सालीं बोस्टन येथें हार्वे कुशिंग यांनीं बोवी यांच्या विद्युद्दाहक यंत्राचा शस्त्रक्रियेंत उपयोग केला, आणि आज असें यंत्र नसलेली शस्त्रक्रियेची खोली क्वचितच दिसेल. द्रव्यें बदललीं, दाहाचें साधन बदललें, क्रम व दाब मात्र राहिले. जो ग्रंथकार औषधाबरोबर त्याची योजना सांगतो, त्याचा गौरव योजनेसाठीं करावा. त्याच्या यादींत आपल्या काळचीं नांवें कोंबल्यानें त्याचा गौरव होत नाहीं, उलट ती नांवें उद्यां बदललीं म्हणजे त्यालाच कमीपणा येतो.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. आपल्या प्रांतांत जुन्या घराण्यांतून वैद्यकाचीं बाडें अजून निघतात. कांहीं देवनागरींत, कांहीं मोडींत. कडेला वाळवी लागलेलीं, पानें मागेंपुढें झालेलीं. पुष्कळदां त्यांची नोंद 'किरकोळ औषधी कागद' एवढ्यानेंच होते; आणि नक्कल केलीच तर द्रव्यांचीं नांवें व वजनें तेवढीं उतरून घेतात. कापडाचें, बोटाचें, पाण्याचें, किती वेळ दाबावें-बांधावें याचें जें एखादें वाक्य शेवटीं असतें, तें निरुपयोगी म्हणून गळतें. जखमेच्या प्रत्येक पाठाबरोबर औषध कशावर घातलें, कसें बसविलें, कशानें बांधलें, कधीं सोडलें, आणि तें न लागू पडल्यास पुढें काय केलें, एवढ्या पांच गोष्टी जशाच्या तशा उतरून घ्याव्या. समासांतील दुसऱ्या हाताच्या टिपाही सोडूं नयेत. त्या बहुधा औषध प्रत्यक्ष वापरणाऱ्याच्या असतात. पुण्याच्या त्या कारागिराचें नांवसुद्धां आज आपणांस ठाऊक नाहीं. त्याच्या पट्टीची हकीकत एका परदेशी मासिकानें छापली म्हणून ती उरली. त्याच्यासारख्या इतरांच्या हातचें ज्ञान कोठें उरलें असेल तर तें अशाच कागदांत असणार, आणि ते कागद वर्षागणिक कमी होत आहेत.